व्हीपीएन चालू दिसतंय, पण घरचा शेअर फोल्डर बाहेरून उघडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी एका जुन्या विंडोज डेस्कटॉपवर दोन फोल्डर शेअर केलेत, एक फोटोंचा, एक हिशोबाचा. घरच्या वायफायवर लॅपटॉपमधून दोन्ही झटकन उघडतात, बाहेर गेलं की नाही. आधी कुठल्यातरी व्हिडिओत बघून राउटरवर ४४५ पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरून त्या नंबरच्या दाराशी येणारं सगळं डेस्कटॉपकडे वळवलं, काही फरक पडला नाही. मग राउटरमध्येच वायरगार्ड नावाचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायचा खाजगी बोगदा, चालू केलं, ते लॅपटॉपवर ॲक्टिव्ह दाखवतं, तरी फोल्डर उघडायला गेलं की ०एक्स८००७००३५ हा एरर येतो. आता विंडोज परत टाकू का, असं विचारलंय.

नका टाकू. घरी फोल्डर उघडतोय म्हणजे विंडोज ठीक आहे, शेअरिंग ठीक आहे, केबल-वायफाय सगळं ठीक आहे. विंडोज परत टाकलं तर एक अख्खा दिवस जाईल आणि नव्या विंडोजवर हाच एरर परत येईल, कारण दुखणं तिथे नाहीये.

पण सगळ्यात आधी ते ४४५ चं फॉरवर्डिंग काढा. पुढचं नंतर वाचा, आधी ते काढून या. विंडोजचं फाइल शेअरिंग, म्हणजे एसएमबी, ह्याच पोर्टवर चालतं आणि इंटरनेटवर हे पोर्ट उघडं कुठे सापडतंय ते शोधणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस फिरत असतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो ह्याच दारातून, जुन्या एसएमबी १ मधल्या भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टने त्याचा पॅच मार्चमध्येच दिला होता, लोकांनी टाकलाच नव्हता. नॅसवाल्यांनी, म्हणजे नेटवर्कला जोडलेला हार्डडिस्कचा डबा वापरणाऱ्यांनी, पण हसू नये, जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट ह्या तशाच व्हायरसने क्यूनॅप कंपनीचे जे नॅस लॉक केले ते असेच इंटरनेटवर उघडे ठेवलेले होते. तुमच्याकडे फॉरवर्ड करून फरक का पडला नाही, तर बऱ्याच इंटरनेट कंपन्या ४४५ स्वतःच अडवून ठेवतात म्हणून असेल, आणि तसं असेल तर तुमचं नशीब चांगलं. कोणी सांगेल की बाहेरचा नंबर बदला, ४४५ च्या ऐवजी दुसरं काहीतरी द्या, तर तेही नको, विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये फोल्डरच्या पत्त्याला पोर्ट नंबर लावताच येत नाही.

व्हीपीएन हाच रस्ता बरोबर आहे, म्हणजे दिशा चुकलेली नाहीये, मधे कुठेतरी अडकलंय.

एक सांगून ठेवतो, खाली कमांड मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना त्या इंग्रजीतच टाकायच्या.

आता तो एरर. एवढा लांबलचक नंबर बघून घाबरायला होतं, पण त्यात कामाचे फक्त शेवटचे आकडे असतात. ८००७ नंतर जे येतं तो विंडोजचा साधा एरर नंबर, सोळाच्या पाढ्यात लिहिलेला. ३५ म्हणजे तीन गुणिले सोळा अधिक पाच, ५३. एरर ५३ चा अर्थ नेटवर्कचा रस्ता सापडला नाही, म्हणजे तुमचा लॅपटॉप त्या डेस्कटॉपच्या शेअरिंगपर्यंत पोचलाच नाही, दारावर टकटकसुद्धा झाली नाही. शेवटी ०००५ असतं तर तो ५, म्हणजे पोचलात पण परवानगी नाही. ०५२ई असेल तर १३२६, युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. ००४३ असेल तर ६७, मशीनपर्यंत गेलात पण त्या नावाचा शेअर तिथे नाही, बहुतेक स्पेलिंग चुकलंय. हे एवढं कळलं तरी अर्धं काम होतं, कारण ५३ असताना लोक तासनतास पासवर्ड बदलत बसतात, परमिशनमध्ये एव्हरीवन टाकतात, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाकतात, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तुमचा ५३ आहे, तेव्हा पासवर्ड आणि परमिशनला सध्या हात लावू नका.

तर रस्ता कुठे तुटलाय ते बघायचं, बाहेरून आत, एकेक टप्पा.

पहिला टप्पा व्हीपीएन स्वतः. वायरगार्डचं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यात "कनेक्टेड" अशी अवस्थाच नाहीये. बटण दाबलं की ॲक्टिव्ह दाखवणार, पलीकडे राउटर बंद असला, पत्ता चुकला असला, किंवा की (म्हणजे जोडणीची गुप्त किल्ली) चुकीची असली तरी ॲक्टिव्हच. म्हणून त्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवायचा नाही, खाली लेटेस्ट हँडशेक (दोन्ही टोकांनी एकमेकांना शेवटची ओळख कधी दिली ते) आणि ट्रान्सफर अशा दोन ओळी असतात त्या बघायच्या. हँडशेकची ओळच नाही, किंवा सेंट वाढतंय आणि रिसीव्हड शून्यावर बसलंय, तर तुम्ही घरापर्यंत पोचलेलाच नाही. डेटा जात असेल तर साधारण दर दोन मिनिटांनी नवा हँडशेक होतो, त्यामुळे पिंग, म्हणजे पलीकडच्या मशीनला 'आहेस का' विचारणारी कमांड, चालू ठेवूनही शेवटचा हँडशेक वीस मिनिटांपूर्वीचा दाखवत असेल तरी लाइन मेलेलीच समजा.

आणि हे तपासताना घरच्या वायफायवर बसून तपासू नका. घरात बसून स्वतःच्याच बाहेरच्या आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर, जायला बरेच राउटर देत नाहीत, मग ते चालत नाही म्हणून माणूस चांगलं सेटिंग मोडून ठेवतो. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर हॉटस्पॉट चालू करा, लॅपटॉप त्याला जोडा, झालं, तुम्ही "बाहेर" आलात.

हँडशेक होतच नसेल तर पहिला संशय इंटरनेट कंपनीवर. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा, मग ब्राउझरमध्ये माझा आयपी काय म्हणून शोधा, दोन्ही सारखे हवेत. राउटरमध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा काही दिसला तर कंपनीने एकच खरा आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटून दिलाय, त्याला सीजीनॅट म्हणतात, आणि अशा वेळी तुम्ही राउटरवर काहीही फॉरवर्ड करा, बाहेरचा माणूस तुमच्या दारापर्यंत येतच नाही. राउटरच्या वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला तर बहुतेक कंपनीचं मोडेमसुद्धा राउटरचं काम करतंय आणि तुमचा राउटर त्याच्या पोटात आहे, मग मोडेम ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे ते राउटरचं काम सोडून देईल. सीजीनॅट असेल तर कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपी मागा, किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) असेल तर त्यावरून जा, किंवा सरळ टेलस्केल, झिरोटियर ह्यांच्यासारखं काहीतरी वापरा, ज्यात दोन्ही मशीन आतून बाहेर जोडली जातात आणि फॉरवर्डिंगचा प्रश्नच राहत नाही. मला विचाराल तर ज्याला राउटरच्या सेटिंगमध्ये रस नाही त्याने हाच मार्ग धरावा, उगाच अभिमान कशाला. फक्त गोंधळ होऊ नये म्हणून, टेलस्केल स्वतः १००.६४ ते १००.१२७ ह्याच पट्ट्यातले पत्ते देतं, ते बघून सीजीनॅट सापडलं असं समजू नका.

हँडशेक ठीक आहे, तर दुसरा टप्पा, आणि इथे मी स्वतः फसलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो. एकदा ओळखीच्यांच्या घरी बसून मला माझ्या घरची एक फाइल हवी होती. व्हीपीएन चालू, हँडशेक ताजा. घरच्या राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला पिंग केला, उत्तर आलं. म्हटलं चला, रस्ता मोकळा आहे. फोल्डर मात्र उघडेना. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडलं तर ते उघडलं, पण माझा पासवर्ड घेईना. मी पासवर्डच विसरलोय असं समजून अर्धा तास डोकं फोडत बसलो. मग लक्षात आलं की पिंगचं उत्तर २ मिलिसेकंदांत येतंय. दुसऱ्या ठिकाणी असलेला राउटर, तोही व्हीपीएनमधून, २ मिलिसेकंदांत कसा उत्तर देईल? ते उत्तर त्यांच्या राउटरचं होतं. त्यांच्याकडेही १९२.१६८.१ चाच पट्टा, म्हणजे घरातल्या सगळ्या पत्त्यांची सुरुवात तीच, माझ्याकडेही तोच, आणि लॅपटॉपला दोन्ही घरं एकच वाटत होती.

बरेच राउटर कारखान्यातून येतानाच १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊन येतात, त्यामुळे ही टक्कर कधी ना कधी होणारच, आणि तुम्ही जिथे जाता तिथलं नेटवर्क तुमच्या हातात नसतं. म्हणून बदलायचा तो घरचा पट्टा. १९२.१६८.७३ असं काहीतरी, जे सहसा कोणाकडे नसेल ते घ्या. बदलल्यावर सगळी उपकरणं एकदा बंद-चालू करा, ज्या प्रिंटरला वगैरे हाताने आयपी दिलाय त्याचा बदला, आणि लॅपटॉपवरच्या वायरगार्डमध्ये अलाउड आयपीज नावाची ओळ आहे तिथे नवा पट्टा टाका, १९२.१६८.७३.०/२४ असा. ही ओळ पण बघाच, टक्कर नसली तरी, कारण तिथे घरचा पट्टाच लिहिलेला नसेल तर हँडशेक छान होतो, आणि घरच्या डेस्कटॉपकडे जाणारा डेटा मात्र व्हीपीएनमध्ये शिरतच नाही, भलतीकडे जातो. त्याच वेळी डेस्कटॉपला राउटरमधून आयपी रिझर्व्ह करून टाका, नाहीतर आज पत्त्याच्या शेवटी १० आहे, उद्या १४ होईल आणि तुम्ही परत इथेच याल.

अजून एक, बाहेरून जाताना डेस्कटॉपचं नाव टाकू नका, आयपी टाका. घरात नाव चालतं कारण लॅपटॉप अख्ख्या घरात हाक मारून विचारतो की ह्या नावाचा कोण आहे, आणि डेस्कटॉप ओ देतो. ती हाक व्हीपीएनमधून पलीकडे जात नाही. ह्याच कारणाने बाहेरून नेटवर्कच्या आयकॉनमध्ये डेस्कटॉप दिसणार नाही, तो दिसायची वाट बघू नका, दोन उलटे स्लॅश, मग आयपी, मग एक उलटा स्लॅश आणि शेअरचं नाव, असं सरळ वर टाइप करा.

तिसरा टप्पा डेस्कटॉप स्वतः, आणि व्हीपीएन ठीक असून ५३ येतो तेव्हा माझा सगळ्यात जास्त संशय इथे असतो. लॅपटॉपवर पॉवरशेल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी, उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे डेस्कटॉपचा आयपी, पुढे -पोर्ट ४४५ अशी कमांड द्या. साध्या पिंगवर जाऊ नका, विंडोज पिंगला उत्तर न देताही फाइल देऊ शकतं आणि उलटंही होऊ शकतं. शेवटच्या ओळीत टीसीपी टेस्ट सक्सीडेड ट्रू आलं तर दार उघडं आहे, पुढच्या भागाकडे जा. फॉल्स आलं तर बहुतेक डेस्कटॉपची फायरवॉल.

गंमत अशी आहे की विंडोज फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगला परवानगी दिलेली असते, टिक असते, हिरवं दिसतं, तरी ती परवानगी फक्त "लोकल सबनेट"ला असते, म्हणजे त्याच पट्ट्यातल्या मशीनला. घरी लॅपटॉपचा आयपी १९२.१६८.७३ चा असतो, चालतं. व्हीपीएनवरून येताना त्याचा आयपी व्हीपीएनच्या पट्ट्यातला असतो, समजा १०.८.०.२, आणि फायरवॉल म्हणते हा आपल्यातला नाही. कुठेही नोटिफिकेशन येत नाही, गपचूप टाकून देते. काही राउटर व्हीपीएनवरून आलेल्या डेटावर स्वतःचाच आयपी चिकटवून पुढे पाठवतात, त्यांच्याकडे हा प्रॉब्लेम येत नाही, म्हणूनच मित्राकडे तेच सगळं पहिल्या झटक्यात चाललं आणि तुमच्याकडे नाही असं होतं.

उपाय असा. डेस्कटॉपवर विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी उघडा, इनबाउंड रूल्समध्ये फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, एसएमबी-इन हा रूल शोधा. एकाच नावाच्या दोन-तीन ओळी असतील, वेगवेगळ्या प्रोफाइलच्या, आणि नव्या विंडोज ११ मध्ये रिस्ट्रिक्टिव्ह नावाची वेगळी जोडीही दिसेल, तुम्हाला प्रायव्हेट प्रोफाइलची आणि चालू असलेली ओळ हवी. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये स्कोप टॅब, तिथे रिमोट आयपी ॲड्रेसखाली लोकल सबनेट लिहिलेलं असेल, ते तसंच ठेवून व्हीपीएनचा पट्टा ॲड करा, १०.८.०.०/२४ किंवा तुमचा जो असेल तो. एनी करू नका. सोबत हेही बघा की डेस्कटॉपचं नेटवर्क प्रायव्हेट आहे की पब्लिक, कारण राउटर बदलल्यावर किंवा पट्टा बदलल्यावर विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि ते परत पब्लिक करून ठेवतं, मग काल घरी चालणारं पण आज बंद पडतं. तिसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस असेल तर बऱ्याचदा त्याची स्वतःची फायरवॉल असते, मग विंडोजच्या रूलला काही किंमत नसते, तिथे जाऊन तीच परवानगी द्यावी लागते. नॅस असेल तरी त्याच्या फायरवॉलमध्ये हाच पट्टा टाकायचा.

खात्री करायची असेल तर दोन मिनिटं फायरवॉल बंद करून टेस्ट मारा आणि लगेच चालू करा. लगेच म्हणजे लगेच, मी अशा "दोन मिनिटांसाठी" बंद केलेल्या आणि दोन वर्षं तशाच राहिलेल्या फायरवॉल बघितल्यात.

व्हीपीएन राउटरवर न चालवता आतल्या एखाद्या छोट्या मशीनवर, रास्पबेरी पाय वगैरेवर चालवत असाल तर राउटरला परतीचा रस्ता सांगावा लागतो, व्हीपीएनचा पट्टा ह्या मशीनकडे म्हणून. नाहीतर डेस्कटॉप उत्तर देतो पण ते राउटर बाहेर फेकून देतो. तुमचं राउटरवरच आहे, तुम्हाला ह्याची गरज नाही.

इथपर्यंत आलात की ५३ जायला हवा आणि कदाचित त्याच्या जागी पासवर्डची खिडकी येईल किंवा १३२६. आता पासवर्डकडे बघायचं. डेस्कटॉपवर रोज पिन टाकून आत जात असाल तर तो पिन इथे चालत नाही, पिन फक्त त्या मशीनसमोर बसलेल्यासाठी असतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल आणि त्याचाच पासवर्ड लागतो. पासवर्डच ठेवलेला नसेल तर विंडोज रिकाम्या पासवर्डने नेटवर्कवरून आत घेत नाही. ह्या सगळ्या भानगडीपेक्षा डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी एक वेगळा लोकल युजर बनवा, लांब पासवर्ड द्या, आणि दोन्ही फोल्डरवर त्यालाच परवानगी द्या, शेअरिंगच्या परमिशनमध्ये आणि सिक्युरिटी टॅबमध्ये, दोन्हीकडे, कारण दोघांपैकी जी जास्त कडक तीच लागू होते. लॅपटॉपवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवलेला असेल तर तो काढा. १२१९ एरर आला तर त्याच मशीनला आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात, नेट यूज * /डिलीट करून सगळी जुनी कनेक्शन तोडा. आतापर्यंत घरी गेस्ट म्हणून बिनपासवर्ड चालत असेल तर तेही फार दिवस टिकणार नाही, विंडोज ११ प्रो च्या २४एच२ पासून ते अडवलं जातं. आणि कोणी एसएमबी १ चालू करा म्हणालं तर करू नका, ते २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये मुळात बंद करून दिलंय ते उगाच नाही.

कधी चालतं कधी नाही असं असेल तर डेस्कटॉप झोपतोय. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा. वेक ऑन लॅनने बाहेरून उठवू असं वाटेल, पण तो सिग्नलही घरातल्या हाकेसारखाच असतो, व्हीपीएनमधून सहसा पोचत नाही. राउटरच्याच पानावर उठवायचं बटण असेल तर ते वापरा.

फोल्डर उघडला, यादी दिसली, छोट्या फाइल आल्या, पण मोठी फाइल सुरू होऊन गोठली, तर तो एमटीयूचा, म्हणजे एका वेळी पाठवायच्या पाकिटाच्या आकाराचा, घोळ आहे, मोठी पाकिटं मधे कुठेतरी बसत नाहीत. वायरगार्डचा एमटीयू मुळात १४२० असतो, लॅपटॉपवर तो १२८० करून बघा, सुटलं तर हळूहळू वाढवा. गोठत नाही पण रांगतंय, तर घरच्या लाइनचा अपलोड बघा, डाउनलोड नाही. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी, १ जीबीचे फोटो आणायला तेरा-चौदा मिनिटं लागणारच, त्यात कोणाची चूक नाही. शिवाय एसएमबी फार बडबडं आहे, प्रत्येक गोष्ट विचारून विचारून करतं, लांबून जोडलं की हजार छोट्या फोटोंचा फोल्डर उघडायलाच वेळ जातो.

आणि म्हणूनच तुमच्या हिशोबाच्या फोल्डरबद्दल वेगळं सांगतो. एक्सेलची फाइल असेल तर लॅपटॉपवर कॉपी करून घ्या, काम करा, परत टाका. पण हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्या फोल्डरमध्ये असेल आणि तुम्ही लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर व्हीपीएनमधून त्या डेटावर चालवणार असाल तर नका करू, लिहिता लिहिता मोबाइलची रेंज गेली की डेटा खराब होऊ शकतो. तिथे व्हीपीएनमधूनच रिमोट डेस्कटॉपने घरच्या मशीनवर जा आणि काम तिथेच करा. त्याला घरच्या मशीनवर विंडोज प्रो लागतं, होमवर बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही. फोटोंसाठी मात्र शेअर फोल्डरच बरा, आयफोनवर फाइल्स ॲपमधूनसुद्धा कनेक्ट टू सर्व्हर करून तो उघडता येतो, व्हीपीएन फोनवर चालू हवं एवढंच.

हे करूनही अडलंत तर मोबाइल डेटावरून तीन गोष्टी बघून कळवा. लेटेस्ट हँडशेक किती सेकंदांपूर्वीचा आहे आणि रिसीव्हड किती आहे, ४४५ च्या टेस्टला ट्रू आलं की फॉल्स, आणि नेट यूज ह्या कमांडने शेअर जोडायला गेल्यावर नेमका कुठला एरर नंबर येतो. आयपी पूर्ण टाकू नका, पहिले तीन आकडे पुरेत.